१२३४५६७८९८७६५४३२१ : एका डेमलो संख्येचे अंतरंग

एकापासून नऊपर्यंत चढत जाणारी आणि नवावरून पुन्हा एकापर्यंत उतरणारी १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या शाळकरी मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर सहज सापडावी अशी आहे. डावीकडून वाचली काय आणि उजवीकडून वाचली काय, तिच्यात काडीचाही फरक पडत नाही. मात्र तिचे वैशिष्ट्य या दर्शनी सौंदर्यापाशी संपत नाही. महाराष्ट्राच्या मातीतील एका शाळामास्तरांनी अंकगणितात ज्या काही नव्या कल्पना मांडल्या, त्यांतील चार कल्पना या एकाच संख्येत एकत्र नांदताना दिसतात. हे शिक्षक म्हणजे देवळालीचे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कशी वाचावी?

प्रचलित भारतीय पद्धतीने स्वल्पविराम दिल्यास ही संख्या १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी लिहिली जाईल. शब्दांत सांगायचे तर ती १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१ इतकी आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त स्थानांची जी अठरा नावे दिली आहेत, त्यांनुसार डावीकडील पहिला १ हा 'मध्य' या सतराव्या स्थानावर येतो. त्याच्या पुढचे, म्हणजे शेवटचे, स्थान 'परार्ध'. मधोमध असलेला ९ हा नवव्या, म्हणजे 'अर्बुद' या स्थानावर उभा आहे. त्यालाच आपण दशकोटी म्हणतो.

या संख्येचा आवाका लक्षात येण्यासाठी एक हिशेब पुरेसा आहे. दर सेकंदाला एक या वेगाने कोणी अखंड मोजू लागला, तर येथवर पोहोचण्यास त्याला सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील.

घडण कशी झाली?

या संख्येचे मूळ गुपित साधे आहे. ती १११११११११ या नऊ एकांच्या संख्येचा वर्ग आहे. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. अशा पायऱ्या चढत गेल्यावर नवव्या पायरीवर ही संख्या उभी राहते.

असे का होते, हे समजण्यास शाळेतील गुणाकाराची मांडणीच पुरेशी आहे. १११ ला १११ ने गुणताना आपण १११ ही संख्या तीनदा लिहितो. प्रत्येक वेळी ती एक घर डावीकडे सरकवतो आणि मग उभ्या रकान्यांची बेरीज करतो. उजवीकडील पहिल्या रकान्यात एकच १ असतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, पुढे पुन्हा दोन आणि अखेरीस एक. बेरीज येते १२३२१. नऊ एकांच्या बाबतीत अशा नऊ ओळी होतात आणि मधल्या रकान्यात नऊ १ येतात. नऊ हा एकअंकी असल्यामुळे कोठेही हातचा घ्यावा लागत नाही. त्यामुळे चढ-उताराची ही रांग अबाधित राहते. हा चमत्कार नाही. दशमान पद्धतीचा तो स्वाभाविक परिणाम आहे.

नाव एका रेल्वे स्थानकाचे

अशा संख्यांना कापरेकरांनी 'डेमलो संख्या' असे नाव दिले. हे नाव ना संस्कृतातून आले, ना ग्रीकमधून. तत्कालीन जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर असलेल्या स्थानकाचे हे नाव. तेथेच या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना आपणास सुचली, अशी कापरेकरांची आठवण नमूद आहे. हे स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली, असे सांगितले जाते. जी.आय.पी. रेल्वेचे रूपांतर १९५१ मध्ये मध्य रेल्वेत झाले. घाटकोपर आणि मुलुंड ही उपनगरे याच मार्गावर आहेत. तेथून कल्याणकडे जाणारा प्रवासी ज्या रुळांवरून रोज ये-जा करतो, त्याच रुळांवर गणितातील एका संज्ञेचा जन्म झाला, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे.

पश्चिम उपनगरांचा मार्गही कापरेकरांशी नाते सांगतो. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. अंधेरी, बोरिवलीवरून जाणारी उपनगरी सेवा २०१३ मध्ये त्याच डहाणूपर्यंत पोहोचली. कापरेकरांचे शालेय शिक्षण ठाण्यात, तर महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. पुढे १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी देवळाली येथे शिक्षकी पेशा पत्करला. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते.

डेमलो संख्यांवरील त्यांचा लेख १९३८ मध्ये 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी के. आर. गुंजीकर यांच्यासमवेत या संख्यांच्या उपपत्तीविषयीचा त्यांचा लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला.

डेमलो म्हणजे नेमके काय?

डेमलो संख्येचे तीन भाग पाडता येतात. डावा, मधला आणि उजवा. मधल्या भागात एकच अंक एकदा वा अनेकदा येतो. डाव्या व उजव्या भागांची बेरीज केली की त्याच अंकाची पुनरावृत्ती मिळावी, एवढीच अट. २५५३ ही संख्या पाहा. डावीकडे २, उजवीकडे ३ आणि मध्ये ५५. दोन अधिक तीन बरोबर पाच. म्हणून ती डेमलो संख्या.

आता आपल्या सतरा अंकी संख्येला हीच कसोटी लावून पाहावी. डावा भाग १२३४५६७८, उजवा भाग ८७६५४३२१ आणि मध्ये एकटा ९. डाव्या-उजव्या भागांची बेरीज ९९९९९९९९, म्हणजे आठ नऊ. कसोटी पूर्ण झाली. केवळ १ या अंकाने बनलेल्या संख्यांच्या वर्गांतून येणाऱ्या या विशेष गटाला कापरेकरांनी 'वंडरफुल' असे विशेषण लावले.

अवयव आणि हरवलेला आठ

संख्येचा खरा स्वभाव तिच्या मूळ अवयवांत असतो, असे गणितज्ञ मानतात. नऊ एकांची संख्या १११ गुणिले १००१००१ अशी फोडता येते. १११ म्हणजे ३ गुणिले ३७ आणि १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. येथे ३, ३७ व ३३३६६७ या तिन्ही मूळ संख्या आहेत. वर्ग केल्यावर प्रत्येक अवयवाचा घात दुप्पट होतो. म्हणून आपली संख्या ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार ठरते. तिला निःशेष भाग जाईल असे एकूण ४५ विभाजक आहेत. विभाजकांची संख्या विषम असणे हे पूर्ण वर्गाचे लक्षण होय.

३७ व ३३३६६७ यांचा गुणाकार १२३४५६७९ इतका होतो. यात १ ते ९ पैकी ८ तेवढा गायब आहे. या संख्येला ९ ने गुणले की नऊ एक मिळतात, १८ ने गुणले की नऊ दोन आणि ६३ ने गुणले की नऊ सात. दुकानातील बारा अंकी कॅल्क्युलेटरवर हा प्रयोग कोणालाही करून पाहता येईल. १ ला ८१ ने भागल्यास मिळणाऱ्या आवर्ती दशांशातही हेच अंक (०.०१२३४५६७९०१२३४५६७९…) पुनःपुन्हा येतात.

हर्षद : आनंद देणारी

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला कापरेकरांनी 'हर्षद' म्हटले. हर्ष देणारी ती हर्षद. पाश्चात्त्य ग्रंथांत याच संख्या 'निव्हेन संख्या' या नावानेही ओळखल्या जातात. इव्हान निव्हेन यांनी १९७७ मध्ये एका परिषदेत त्यांचा उल्लेख केल्यानंतर हे दुसरे नाव रूढ झाले.

आपल्या संख्येतील अंकांची बेरीज ८१ येते. त्याचेही कारण उघड आहे. चढ-उताराच्या रांगेतील शिखरावरचा अंक जो असेल, त्याचा वर्ग म्हणजे अंकांची बेरीज. १२१ मध्ये ४, १२३२१ मध्ये ९, याप्रमाणे. आपल्या संख्येस ८१ ने भागल्यास भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो आणि बाकी शून्य राहते. एवढेच नव्हे, तर हा भागाकार १२३४५६७९ या 'आठ हरवलेल्या' संख्येचा वर्ग आहे.

हा गुण या रांगेतील प्रत्येक संख्येस लाभलेला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. नऊ पायऱ्यांपैकी पहिली (१), तिसरी (१२३२१) आणि नववी याच हर्षद आहेत. उरलेल्या सहा पायऱ्या दिसायला तितक्याच सुबक असल्या तरी या कसोटीस उतरत नाहीत. १२१ ला ४ ने निःशेष भाग जात नाही, हे तोंडीही सांगता येईल.

कापरेकर संख्येशी नाते

४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे करून बेरीज केली की पुन्हा ४५ मिळतात. २०२५ हे वर्ष उजाडले तेव्हा अनेकांना या गमतीची आठवण झाली. वर्गाचे दोन भाग करून बेरीज केल्यावर मूळ संख्या परत मिळते, अशा संख्यांना जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. ५५, ९९, २९७, ७०३ ही त्यांचीच उदाहरणे. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ अधिक २०९ बरोबर २९७.

आता आपल्या सतरा अंकी संख्येस तिच्या अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ ने, भागण्याऐवजी गुणून पाहावे. उत्तर येते ९९९९९९९९८००००००००१. हा ९९९९९९९९९ या संख्येचा वर्ग आहे. त्याचे दोन तुकडे ९९९९९९९९८ आणि ००००००००१. बेरीज पुन्हा नऊ नऊ. म्हणजेच ९९९९९९९९९ ही कापरेकर संख्या आहे आणि तिचा वर्ग आपल्या डेमलो संख्येच्या नेमका ८१ पट आहे.

स्वयंभू की कुणाची कन्या?

कापरेकरांची चौथी कल्पना 'स्वयंभू' संख्यांची. एखादी संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. १५ मध्ये १ व ५ यांची बेरीज मिळवली की २१ येतात. म्हणून १५ ही २१ ची जनक. मात्र २० ला असा जनकच नाही. कोणत्याही संख्येपासून या रीतीने २० मिळत नाहीत. अशा जनकहीन संख्या स्वयंभू होत. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ ही त्यांची सुरुवात. या विषयावरील कापरेकरांची पुस्तिका १९६३ मध्ये देवळालीतून प्रसिद्ध झाली.

आपली सतरा अंकी संख्या स्वयंभू आहे काय? वरवर पाहता हा शोध अशक्यप्राय वाटतो. परंतु दोन निरीक्षणांनी तो आवाक्यात येतो. सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज फार तर १५३ असू शकते. त्यामुळे जनक फार दूर असू शकत नाही. दुसरे असे की, कोणतीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागल्यास बाकी सारखीच उरते. आपल्या संख्येस ९ ने निःशेष भाग जातो. म्हणून तिच्या जनकासही तो जायलाच हवा. परिणामी ९, १८, २७ अशा क्रमाने १५३ पर्यंत वजा करून केवळ सतरा संख्या तपासाव्या लागतात.

या सतरांपैकी सोळा निकालात निघतात आणि एकच उरते. ती म्हणजे १२३४५६७८९८७६५४२४०. तिच्या अंकांची बेरीज ८१. तिच्यात ८१ मिळवले की आपली संख्या तयार. म्हणजे ही संख्या स्वयंभू नाही. तिला जनक आहे आणि तोही एकमेव. पुढची पिढीही पाहण्याजोगी आहे. आपल्या संख्येत ८१ मिळवल्यावर १२३४५६७८९८७६५४४०२ मिळते आणि तिच्याही अंकांची बेरीज ८१ च भरते. आजोबा, मुलगी, नात अशा तीन पिढ्यांत एकच बेरीज टिकून राहते. चौथ्या पिढीत मात्र ती ९० होते.

दहाव्या पायरीवर काय होते?

नऊच्या पुढे एक पाऊल टाकताच हा डोलारा ढळतो. दहा एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो. मधल्या रकान्यात दहा १ जमतात, शून्य लिहून हातचा एक घ्यावा लागतो. तो डावीकडच्या नवात मिळून पुन्हा दहा होतात, आणखी एक शून्य पडते आणि तेथला हातचा आठाचा नऊ करून थांबतो. डाव्या बाजूचा ८ नाहीसा होण्याचे कारण हेच. उलटसुलट वाचण्यातील समानता गेली. अंकांची बेरीज १०० ऐवजी ८२ भरली. संख्या विषम असल्याने तिला ८२ ने भाग जाणे शक्य नाही, म्हणजे हर्षदपणही गेले. नववी पायरी ही या रांगेचा कळस आहे, असे म्हणण्यास हा आधार आहे.

यंत्राची मर्यादा

या संख्येचा आणखी एक पैलू आजच्या कार्यालयीन जीवनाशी निगडित आहे. एक्सेलमध्ये नऊ एकांचा वर्ग करण्यास सांगितल्यास उत्तर १२३४५६७८९८७६५४३०० असे दाखवले जाते. शेवटचे २१ नाहीसे होतात, कारण पंधरा अंकांपलीकडे अचूकता राखण्याची सोयच तेथे नसते. अनेक संगणकीय भाषांत याच गणिताचे उत्तर ३२० ने संपते. संगणक अशा संख्या साठवताना ५३ द्विमान अंकांची जागा वापरतो. २ चा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. त्याच्या वर, दुप्पट होईपर्यंत, केवळ सम संख्याच अचूक साठवता येतात. आपली संख्या याच टप्प्यात येते आणि ती विषम आहे. म्हणून तिचा शेवटचा एक गळून पडतो.

मोठे ओळख क्रमांक, खाते क्रमांक वा पावती क्रमांक अशा तक्त्यांत संख्या म्हणून भरल्यास त्यांचे अखेरचे अंक बदलतात, त्यामागेही हेच कारण आहे. असे क्रमांक मजकूर म्हणून नोंदवावेत, हा जाणकारांचा सल्ला त्यामुळेच असतो. कागद, पेन्सिल आणि हातचा सांभाळण्याची सवय यांच्या बळावर शाळकरी मुलगा जे उत्तर अचूक देईल, तेथे सर्वसाधारण तक्ता चुकतो.

खेळ की गणित?

अशा गुणधर्मांना गणित म्हणावे की करमणूक, हा वाद जुना आहे. केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ यांचे उदाहरण दिले. आपल्याच उलट संख्येच्या पटीत असलेल्या या दोनच चार अंकी संख्या. (८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट आणि ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट.) अशा गोष्टी कोड्यांच्या सदरात शोभतात, गंभीर गणितज्ञाला त्यांत काही नाही, असे त्यांचे मत होते. योगायोग असा की, ९८०१ हा ९९ या कापरेकर संख्येचा वर्ग आहे. हार्डींच्या आक्षेपात तथ्यही आहे. यांतील बहुतेक गुण संख्येचे नसून ती दशमान पद्धतीत लिहिण्याच्या रीतीचे आहेत. आपण बाराच्या पटीत मोजत असतो, तर ही रांग नवाऐवजी अकरापर्यंत चढली असती.

या दृष्टीची झळ कापरेकरांनाही बसली. भारतातील अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम क्षुल्लक मानले. त्यांच्या कित्येक पुस्तिका त्यांनी स्वतःच छापून प्रसिद्ध केल्या. १९६६ मध्ये पत्नीच्या निधनानंतर निवृत्तिवेतन पुरेनासे झाले, तेव्हा त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. ६१७४ या संख्येचा त्यांचा शोध १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला गेला होता. परंतु अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिल्यानंतरच त्यांचे नाव सर्वदूर पोहोचले. १९८६ मध्ये देवळाली येथे त्यांचे निधन झाले.

तथापि खेळ आणि गंभीर गणित यांच्यातील भिंत वाटते तितकी जाड नाही. आपल्या संख्येचे वर्गमूळ केवळ १ या अंकाचे आहे. अशा संख्यांपैकी मूळ संख्या कोणत्या, हा प्रश्न आजही संशोधकांना गुंतवून ठेवतो. २, १९, २३, ३१७ आणि १०३१ एकांच्या संख्या मूळ आहेत, हे सिद्ध झाले आहे. त्यांतील शेवटच्या संख्येची सिद्धता १९८६ मध्ये, म्हणजे कापरेकर गेले त्याच वर्षी, मिळाली. अशा मूळ संख्या अनंत आहेत काय, याचे उत्तर मात्र जगातील कोणत्याही विद्यापीठाकडे नाही.

आणखी एक गोष्ट आवर्जून नोंदवावी अशी आहे. दिसायला विलक्षण असलेल्या संख्यांभोवती शुभाशुभाचे वलय निर्माण करणे सोपे असते. कापरेकरांनी अशा संख्यांना नावे दिली, पण त्यामागील कारणे दडवली नाहीत. रकाने, हातचा, बाकी आणि अवयव एवढ्याच सामग्रीवर येथील प्रत्येक विधान पडताळता येते. त्यासाठी पदवी लागत नाही, यंत्रही लागत नाही. पाचवी-सहावीच्या विद्यार्थ्याला बारा एकांच्या संख्येचा वर्ग करण्यास सांगावे आणि रांग नेमकी कोठे व का मोडली, हे त्यालाच शोधू द्यावे. उत्तरापेक्षा ते 'का' त्याच्या अधिक काळ स्मरणात राहील.